मुंगीचा डावा बूट

खिळेमास्तर युद्धावर गेले तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती आणि परत आले तेव्हा आठ. मधली चार वर्षं त्यांनी बूट ठोकण्यात घालवली. सुरुवातीला त्यांच्या हाती बंदूक दिली होती, नाही असं नाही. पण पहिल्याच महिन्यात वरच्यांच्या ध्यानात आलं की या गृहस्थाचा नेम यथातथाच आहे, हातोडी मात्र कधी चुकत नाही. मग त्यांना पलटणीच्या बूटदुरुस्तीच्या तंबूत बसवलं. तिथे ते प्रत्येक टाचेत एक खिळा जास्तीचा मारत. "असू दे, लांब चालायचंय पोरांना," म्हणत. त्यावरून त्यांना खिळेमास्तर हे नाव पडलं, आणि ते त्यांच्या आधी घरी पोचलं, कारण त्यांनीच मोठ्या फुशारकीने पत्रात कळवलं होतं.

बायकोचं पत्र दर तीन महिन्यांनी यायचं आणि त्यात एक जास्तीचा कागद असायचा. कागदावर मुलीचं पाऊल ठेवून पेन्सिल फिरवलेली. युद्धावरच्या बापाला पोरीचा फोटो पाठवतात, केस पाठवतात, पण बूट करणाऱ्या माणसाला पाऊल पाठवावं हे तिला बरोबर सुचलं होतं. खिळेमास्तर ते कागद तंबूच्या खांबाला एकाखाली एक टाचून ठेवत आणि येईल त्याला बोटाने दाखवत, "हे बघा, एक सूत वाढलं! आईवर गेलंय, अंगठा लांब आहे." ऐकणारा बिचारा फाटका बूट हातात धरून मान डोलवायचा.

युद्ध संपल्याची बातमी आली, तशी त्यांनी एका साहेबाच्या फाटक्या पेटीचं मऊ तांबडं चामडं मागून घेतलं आणि शेवटच्या कागदाच्या मापाने बुटांची जोडी केली. कागद उजव्या पावलाचा होता. डाव्यासाठी त्यांनी तोच उलटा ठेवला आणि कापला. आता बघा, दुकानात बसल्यापासून हा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आला होता की कुणाचेही दोन पाय सारखे नसतात, दोन्ही मापं द्या, आळस करू नका. आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी नेमकी तीच गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही.

घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. ते दारात उभे राहिले तेव्हा बायको दुकानात एका दप्तराचा पट्टा शिवत होती. ते गेल्यावर दुकान तिनेच उघडं ठेवलं होतं, पट्टे, पिशव्या, छत्र्या, जे जमेल ते करून. ती उठली, हातातली सुई कुठे ठेवावी ते तिला कळेना, शेवटी ती तशीच हातात धरून त्यांच्याजवळ आली आणि ती टोचली तेव्हा दोघंही हसले. मुलगी मात्र खिडकीपाशी स्टुलावर बसून होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरली नव्हती. आज ती ठरली होती. लाजली असेल, असं खिळेमास्तरांना वाटलं.

त्यांनी पिशवी उघडली, तांबडे बूट काढले आणि तिच्यासमोर खाली बसले. उजवा बूट असा बसला की जणू पायाबरोबरच वाढला होता. त्यांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बायको मागच्या खोलीतल्या चुलीवरच्या किटलीकडे पाहत होती, आणि किटली अजून उकळायची होती.

मग त्यांनी डावा पाय हातात घेतला. पाय गार होता, बारीक होता आणि दुसऱ्यापेक्षा दोन मापं लहान होता. पोटरी त्यांच्या मुठीत मावली. बूट घातला तर आत पाऊल बादलीत सुटल्यासारखं हलायला लागलं.

"तो पाय आजारी पडला होता," मुंगी म्हणाली. समोरच्या अनोळखी माणसाला काही ठाऊक नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. "मीपण पडले होते. पण मी बरी झाले."

त्या दुपारी नवरा-बायकोचं काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. चार वर्षांनी भेटलेली माणसं भांडताना आवाज चढवत नाहीत, त्यांना तेवढी सवय राहिलेली नसते.

"मला कळवलं का नाहीस?" ते म्हणाले.

"कळवून काय केलं असतं तुम्ही? तिकडून पळून आला असता?"

"सोळा कागद पाठवलेस तू. सोळाच्या सोळा उजव्या पायाचे?"

"पहिल्या चारांच्या वेळी दोन्ही पाय सारखेच होते. पुढचे सगळे मुद्दाम." ती ताठ उभी होती. "ताप आला तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या उशाशी बसून मी तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. शेवटी तिचा जो पाय चांगला होता तो काढला आणि पाठवला. खोटा तर नव्हता ना तो पाय?"

खिळेमास्तर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या सकाळी ते मोरीत अंग धुवायला सदरा काढून बसले आणि बायको पाणी घेऊन आली. त्यांच्या खांद्यामागे वीतभर लांब, ओबडधोबड शिवलेली खूण होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"हे काय?"

"पत्र्याचा तुकडा लागला."

"तुमचा तंबू तर खूप मागे होता. बाँबचा आवाजही येत नाही, असं लिहिलं होतंत."

"येत नव्हता," ते म्हणाले. "त्याच्यानंतर आठवडाभर मला कसलाच आवाज येत नव्हता."

ती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. फिट्टंफाट झाली होती. त्याच्यावर आणखी काय बोलणार? तिने तांब्या उचलला आणि त्या खुणेवरून जपून पाणी ओतलं.

खरी अडचण पुढेच होती. शाळा चोवीस दिवसांनी उघडणार होती. मुंगीचा वर्ग वरच्या मजल्यावर, पायऱ्या सव्वीस. गेल्या वर्षी शाळेच्या शिपायाने तिला उचलून वर नेलं, तर पोरांनी तिचं नाव पार्सल ठेवलं. चौथ्या दिवशी तिने आईला सांगून टाकलं की उचलून नेणार असाल तर मी जाणार नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिची समजूत घातली, आईची घातली, आणि शेवटी नाइलाजाने म्हणाल्या की ती स्वतः चढू शकेल तेव्हा आणा, पण नऊ पूर्ण झाल्यावर पहिलीत घेता येत नाही, तो नियम माझ्या हातात नाही. म्हणजे हे वर्ष गेलं की शाळा गेली. खिडकीपाशी स्टूल टाकून रस्त्यावरून जाणारी दप्तरं मोजायची, आयुष्यभर.

"बूट मी करतो," खिळेमास्तर म्हणाले. "चोवीस दिवस म्हणजे खूप झाले. मी तिकडे एका दिवसात चाळीस जोड काढलेत."

आणि त्यांनी बूट केला. दोन्ही पायांच्या उंचीतला फरक मोजला, तो भरला बरोबर दोन इंच. डाव्या बुटाला दोन इंचांचा लाकडी तळ लावला, वर जाड चामडं, टाचेला लोखंडी नाल, आणि खिळे किती मारले असतील? चौदा. असा बूट डोंगर ओलांडून जाईल, नदी ओलांडून जाईल, दहा वर्षं फाटणार नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला तेव्हा टेबल दणाणलं.

मुंगीने तो घातला, दोन पावलं टाकली आणि खाली बसली.

"काय झालं?"

"हा मला नेत नाही," ती म्हणाली. "मलाच याला न्यावं लागतं."

बायकोने तोंडाला पदर लावला. खिळेमास्तरांना आधी राग आला आणि मग लाज वाटली. चार वर्षं त्यांनी पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्या दांडग्या बाप्यांसाठी बूट केले होते, आणि हात तेच करत सुटले होते.

बरं, जड आहे तर हलका करू. ते भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाला स्वभावाने तिरसट, पण त्याच्या ढिगाऱ्यात काय मिळणार नाही? तिथे मासेमारीच्या जुन्या जाळ्याला लावलेले बुचाचे गोळे मिळाले, वजनाला नुसता कापूस. घरी आणून त्यांनी ते रापीने, चामडं कापायच्या पात्याने, तासले, थरावर थर चिकटवले, बरोबर दोन इंच. चामडं पातळ. खिळा एकही नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ही केवढी तपश्चर्या होती ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बूट घालून मुंगी उभी राहिली तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा, निदान तापानंतर पहिल्यांदा, सरळ उभी होती. दोन्ही खांदे एका रेषेत. खिळेमास्तरांचा आनंद पोटात मावेना.

"चाल," ते म्हणाले.

ती चालली आणि चौथ्या पावलाला तोंडावर आपटली. बुटाचं टोक फरशीला अडकलं होतं. ओठ फुटला, रक्त आलं. ती रडली नाही. तिने बूट काढला, लांब सारला आणि भिंतीला धरून आपल्या खिडकीपाशी जाऊन बसली. बायको म्हणाली, "पुरे आता." एवढंच म्हणाली, पण त्यानंतर दोन दिवस दुकानात हातोडीचा आवाज आला नाही. दहा दिवस उरले होते.

खिळेमास्तरांनी हातपाय गाळले. सैन्यातून परतलेला माणूस, गल्लीतले लोक त्यांना बघून टोपी काढत होते, आणि पोरीचा एक बूट त्यांना जमत नव्हता. यापेक्षा मी तिकडेच बरा होतो, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने माळ्यावरून एक खोका काढला आणि त्यांच्यासमोर उपडा केला. आतून लहान लहान बूट पडले. मुंगीला लहान झालेली प्रत्येक जोडी तिने ठेवून दिली होती.

"मला डावा पाय कळवता आला नाही," ती म्हणाली. "हे घ्या. आता वाचा."

बुटाचा तळ वाचायला खिळेमास्तर तिकडेच शिकले होते. तळ बघून ते सांगत की हा माणूस कुठे रेलून चालायचा, कोणत्या खांद्यावर ओझं घ्यायचा. त्यांच्या तंबूत बुटांचे ढीग येत, आणि त्यांतल्या बऱ्याच बुटांची माणसं आता चालणार नसत. ते बूट दुरुस्त करून नव्या पोरांना द्यायचे असत. ही गोष्ट त्यांनी पत्रात कधी लिहिली नव्हती. ती त्यांनी आता सांगितली, खाली मान घालून, हातात पोरीचा इवलासा बूट धरून. बायको त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली.

मग ते एकेक जोडी खिडकीच्या उजेडात धरू लागले. पहिली जोडी दोन्ही टाचांना सारखीच झिजलेली, धावणाऱ्या पोरीची. दुसरी अगदी कोरी.

"ही घातलीच नाही," ते म्हणाले.

"आठ महिने बिछान्यात होती."

तिसरीत डाव्याचं टोक पार फाटलेलं. "पाय ओढत होती." चौथीत डावा बाहेरच्या कडेने झिजलेला, उजव्याची टाच खाली बसलेली. "सगळा भार उजव्यावर. भिंतीला धरून चालत असणार." बायको मान हलवत होती आणि मध्ये मध्ये सांगत होती, तेव्हा हे झालं, तेव्हा ते झालं. पाचव्या जोडीपाशी ते थांबले. डाव्याच्या टोकाला झीज जवळजवळ नव्हती. त्यांनी बूट दोनदा उलटासुलटा करून पाहिला. पाय तर बरा झाला नव्हता, मग तो जमिनीला घासायचा कसा थांबला?

"मुंगे," त्यांनी हाक मारली. "तू हल्ली पाय ओढत नाहीस?"

"नाही. आता मी तो झुलवते." ती स्टुलावरून उतरली, खुर्चीची पाठ धरली आणि त्यांना दाखवलं. उजव्या पायावर उभी राहिली, डावा पाय लोंबत मागून पुढे आला आणि फरशीला न शिवता निघून गेला. "तो लहान आहे ना, म्हणून खालून जातो. तुम्ही त्याला मोठा केलात की त्याला जायला जागाच राहत नाही."

खिळेमास्तरांनी हातातला बूट खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही मला सरळ करताय," ती जरा समजुतीच्या सुरात म्हणाली. "मला सरळ नाही व्हायचं. मला चालायचंय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही खांदे एका रेषेत, ही रांगेत उभं राहणाऱ्यांची गरज. पोरीने कुणाच्या मदतीशिवाय, बापाशिवाय, स्वतःची एक चाल शोधून काढली होती, आणि ते ती मोडायला निघाले होते.

त्या दिवसापासून दुकानात उलटा कारभार सुरू झाला. मुंगी टेबलावर पाय सोडून बसायची आणि हुकूम द्यायची, आणि मास्तर तासायचे. दोन इंचांचा तळ दीड झाला, मग एक. "अजून थोडा खाली घासतो," ती म्हणायची. मग पाऊण. पुढचं टोक त्यांनी होडीसारखं वर उचललं. घोट्याला आधार म्हणून बायकोने दप्तराच्या पट्ट्याची दुहेरी शिवण घातली, ती तिच्याइतकी घट्ट त्यांना जमली नसती. पाऊण इंचाला मुंगी दुकानभर चालली. वाकडी चालली, डुलत चालली, पण पडली नाही. बायकोचा जीव भांड्यात पडला.

पायऱ्यांचा सराव दुकानासमोरच्या चार पायऱ्यांवर झाला. खिळेमास्तर खाली उभे राहून, जुन्या सवयीने, "डावा! उजवा! डावा!" असं ओरडायला लागले. शेजारचे लोक बाहेर येऊन बघायला लागले.

"तुम्ही मोजू नका," मुंगी म्हणाली. "मला घाई होते."

त्यांनी मोजणं सोडलं. त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा चढून चारच्या आठ झाल्या, आठच्या वीस. उतरताना तिला फार भीती वाटायची, चढताना वाटायची नाही. सव्वीस मात्र सलग कधीच झाल्या नाहीत. सोळा-सतरा झाल्या की उजवा पाय थरथरायला लागायचा. शाळेच्या आदल्या दिवशी ती अठरापर्यंत गेली आणि खाली बसली.

शाळेच्या दिवशी तिघं वेळेच्या बरीच आधी पोचली. जिना दगडी, रुंद, एका बाजूला लोखंडी कठडा. मोठ्या बाई वर उभ्या होत्या. शिपाई सवयीने पुढे झाला, हात पसरून.

"नको," मुंगी म्हणाली. "आज माझी मी चढणार."

तिने कठडा धरला. उजवा पाय वर, मग डावा झुलत त्याच्या शेजारी. उजवा वर, डावा शेजारी. बाजूने पोरं धडाधड वर पळत होती, एकाचं दप्तर तिला लागलं, ती थांबली, परत निघाली. दहा झाल्या. चौदा झाल्या. सतराव्या पायरीवर पाय थरथरताना खालून दिसला आणि खिळेमास्तर एकदम पुढे सरकले. बायकोने त्यांची बाही पकडली, अशी घट्ट की शिवण उसवल्याचा आवाज आला.

"सोड, पडेल ती," ते कुजबुजले.

"पडली तर उठेल. तुम्ही नव्हतात तेव्हा उठतच होती."

मुंगी पायरीवर बसली. इकडेतिकडे बघितलं, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि मोठ्या माणसासारखा एक उसासा टाकला. जिन्यावर आता कुणी नव्हतं. वरून मोठ्या बाईंनी घाई केली नाही, हे त्यांचे उपकार. मग तिने कठड्याला धरून स्वतःला वर ओढलं. अठरा. एकोणीस. चोवीस. पंचवीस.

वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा वर्गाच्या दारातून एक झिपरी मुलगी बाहेर आली आणि तिच्या पायाकडे बघत राहिली. शाळेचा जिना मोकळा असला की त्यात शब्दन् शब्द खाली ऐकू येतो.

"तुझा एकच बूट जाड का?"

"माझा पाय लहान आहे म्हणून."

"मग इतके दिवस का नाही घातलास?"

"माझे बाबा युद्धावर होते ना," मुंगी म्हणाली. "ते आले आणि आल्या आल्या त्यांनी पहिलं हेच काम केलं."

हे काही सगळं खरं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता, मग एक बूट असा केला की तो उचलेना, आणि दुसरा असा की त्याने तिचा ओठ फोडला. पण खिळेमास्तर ते दुरुस्त करायला वर गेले नाहीत. ते सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले आणि बायकोसमोर, शिपायासमोर, भर शाळेत, चार वर्षांचं सगळं एकदम रडले.